गवत कोण पेरतं

आमच्या आत्याच्या हाताला स्वतःची वेगळी अक्कल आहे. आत्या म्हणजे माझी सासू, प्रयागबाई. देवळाच्या ओट्यावर भजन ऐकत बसली असली, तरी तिचा उजवा हात फरशीच्या फटीतून हराळीचा कोंब शोधून काढतो. लग्नानंतर आम्ही जेजुरीला गेलो, तर ही बाई गडाच्या पायरीवर टेकली आणि दगडाच्या सांदीतलं गवत उपटायला लागली. मागची माणसं खोळंबली. मामा, म्हणजे माझे सासरे कुंडलिकराव, म्हणाले, "ऊठ आता. देवानं रोजानं लावलंय का तुला?"

खुरपणीत तिचं नाव सुप्याच्या बाजारापर्यंत. कांद्याच्या वाफ्यात ती बसली की कांदा तेवढा मागं राहतो, बाकी काही नाही. तिची एक रीत आहे. गवत मुळासकट काढायचं, मुळीची माती दोनदा आपटून झटकायची, आणि मुळ्या वर करून दगडावर उन्हात टाकायचं. "मुळीला माती ऱ्हायली की मढं उठून बसतं," ती म्हणायची. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब नाही.

माझं माहेर बावडा. कॅनॉलचं पाणी, ऊस, केळी. आमच्याकडं खुरपायला बाया यायच्या आणि मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. इथं आले तेव्हा खुरपं कुठल्या हातात धरायचं तेवढं माहीत होतं. तासाभरात कंबर धरायची. मग मी गवत उपटायचे आणि मातीसकट तिथंच ढीग लावायचे. आत्या मागून यायची, माझे ढीग बघायची आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "बावड्याची राणीसाहेब हाय ती. तिच्या पातंचं गवत मरत न्हाय, नुसतं घर बदलतं."

पात म्हणजे खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पट्टा. माझी पात ती कायम कडेची द्यायची. माझं काम चारचौघांच्या नजरेला पडू नये म्हणून.

हे सगळं आधी सांगते, कारण गेल्या वर्षीच्या श्रावणात जे झालं ते ह्या दोन रीतींमुळंच झालं.

आमच्या वस्तीच्या वर माळ आहे. थोडा वनखात्याचा, थोडा गायरानाचा. मी आले तेव्हा नुसता मुरूम. चिंकारा हरणं पहाटे यायची, काय खायची देव जाणे. चार उन्हाळे सगळ्या वस्तीनं मिळून तिथं चर खणले. चर म्हणजे माळाला आडवे घातलेले लांब खड्डे. पाऊस पडला की पाणी पळून न जाता त्यात थांबायचं आणि मुरायचं. खणलेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकून भराव केलेले. पहिल्या वर्षी खालच्या विहिरींना होळीपर्यंत पाणी राहिलं. आबासाहेब आमच्या पाणलोट समितीचे अध्यक्ष, त्यांनी पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी वरची माती वाहून आली आणि चर अर्धे बुजले. उपसले. तिसऱ्या वर्षी पुन्हा बुजले. पुन्हा उपसले. मामांच्या तळहाताला पडलेले घट्टे अजून आहेत.

चौथ्या वर्षी बारामतीच्या एका संस्थेकडून दीप्तीताई यायला लागल्या. पायात बूट, डोक्याला टोपी, आणि बसायला जागा दिली तरी खाली वाकून जमीनच बघणार. त्या म्हणाल्या, "चर कितीही खणा. माती धरणारं वर काही नसेल तर हे दरसाल बुजणार. झाडं नंतर. आधी गवत. इथलंच, जुनं, पवना."

पवना हे नाव म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण दाखवा म्हटलं तर कुणाला सापडेना. शेवटी सापडला ठमाबाईच्या बांधावर. ठमाबाई आमच्या आत्याची लहानपणापासूनची जोडीदारीण. दोघी कन्हेरीच्या, एकाच गल्लीतल्या, इथं दोन घरं सोडून दिलेल्या. तिच्या सासूनं गाईसाठी राखलेला बांध ठमाबाईनं तसाच राखला होता. कार्तिकात तिनं एकेक तुरा खुडून उशीची एक खोळ भरून बी दिलं. नशीब दिलं, कारण कार्तिक सरल्यावर तिच्या पोरांनी डाळिंबासाठी जेसीबी लावला आणि बांध सपाट केला. आता पवना म्हणजे ती खोळ, बाकी कुठं नाही.

मिरगाच्या तोंडावर आम्ही बायांनी ते बी शेणमातीत कालवून भरावावर पेरलं. मी होते. आत्या नव्हती. ती बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर कन्हेरीला गेली होती. परत आल्यावर तिनं विचारलं, "काय केलं वर?" मी म्हटलं, "बी पेरलं." तिला वाटलं, लिंबाचं, करंजाचं; ठमाबाईनं गवताचं बी संस्थेला दिलंय, एवढंच ती समजून होती. मी पुढं बोलले नाही, तिनं विचारलं नाही. आमचं बोलणं तेव्हा एवढंच असायचं.

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबासाहेबांची मोटरसायकल दारात. पाय खाली न टेकताच म्हणाले, "प्रयागवहिनी, राखी पौर्णिमेनंतर पाहुणे येत्यात. चार गावची माणसं आपला माळ बघायला. बायांनी जरा साफ करून घ्या."

"साफ व्हय? बघाच तुमी," आत्या म्हणाली.

त्यांच्या मनात बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि वाटेकडचं गाजरगवत होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. आणि खुरपणाऱ्या बाईला साफ म्हटलं की एकच गोष्ट कळते.

बारा जणी निघालो. उघाड पडली होती, ऊन चटकत होतं, म्हणजे खुरपणीला याहून चांगला दिवस नाही. आत्यानं पदर खोचला, पाती वाटल्या. मला पूर्वेचं टोक, नेहमीसारखं. भरावावर वीतभर हिरवं उगवलेलं, दाट. बाकीच्या माळापेक्षा जास्त दाट. मी उकिडवी बसले, एक ठोंब उपटलं आणि मला कसंतरीच वाटलं.

मी हाक मारली, "आत्या, हे आपणच पेरलेलं तर नव्हं?"

आत्यानं मान वर केली. "काय पेरलेलं?"

"गवत."

अकरा जणी हसल्या. पेरणीला होत्या त्यातल्या तिघीही आत्याचं बघून हसल्या, हे मी विसरणार नाही. आत्या म्हणाली, "येडी का काय तू? गवत कोण पेरतं?"

मग मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. उगवलेलं पवन्याचं रोप मी कधी बघितलं नव्हतं, आणि सगळंच गवत मला सारखं दिसायचं. पण खात्री नव्हती म्हणून गप्प बसले असंही नाही. राग आला होता. म्हटलं, तुम्ही शहाण्या, मी येडी, चालू द्या. कंबर दुखत होती. उपटलं, मातीसकट चरात फेकलं, ढिगावर ढीग. चराच्या तळाला ओल होती, त्यात चिखलातच पडलं सगळं. झटकलं नाही, उलटं केलं नाही. आत्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पातीकडं आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्ये काय जनावराला वैरण टाकलीस का?" मी तिच्याकडं पाठ करून पाणी प्याले.

दोन दिवसांत सतरा चरांचे भराव चकाचक झाले. माती उघडी, तांबूस, विंचरल्यासारखी. आणि खडकावर ओळीनं गवत, मुळ्या वर, उन्हात करपलेलं. आत्या उतरताना दोनदा मागं वळून बघत होती. त्या कामाचा तिला फार आनंद झाला होता. मी तिला इतकी खुश कधी बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दीप्तीताई आल्या. आत्या स्वतः त्यांना घेऊन वर गेली, दाखवायला. मी मागून घागर घेऊन. दीप्तीताई पहिल्या भरावापाशी थांबल्या. मग दुसऱ्या. मग चालत तिसऱ्यापर्यंत गेल्या आणि बसल्या.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

"आमी," आत्या म्हणाली. "बारा जणींनी. पैसा न्हाय घेतला."

"मावशी, हेच पेरलं होतं."

आत्या हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तिचं हसू कुठं ठेवावं ते तिला कळेना, ते तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं.

बातमी खाली जायला किती वेळ लागतो. तासाभरात ठमाबाई वर आली. म्हातारी काठी टेकत, धापा टाकत. तिनं कुणाला काही विचारलं नाही. खडकावरची एक करपलेली काडी उचलली, दोन बोटांत फिरवली, चुरा झाला. तो तिनं पदराला पुसला आणि परत फिरली. आत्या म्हणाली, "ठमे, आगं मला ठावं न्हवतं." ठमाबाई थांबली नाही.

त्या दिवसापासून ठमाबाईनं आत्याशी बोलणं टाकलं. रोज सकाळी दोघी एकत्र डेअरीला दूध घालायला जायच्या, ती आता दुसऱ्या वाटेनं जाऊ लागली. वस्तीवर पोरी हसायच्या. "प्रयागमावशी, आमच्या अंगणात या की, साफ करायचंय." आबासाहेब दोन दिवस फिरकले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "मी साफ म्हनलो त्ये पिलास्टिकचं."

"तसं म्हनायचं हुतं," मामा म्हणाले. एरवी मामा त्यांच्यापुढं बोलत नाहीत.

बी संपलं होतं. बांध गेला होता. दीप्तीताईंनी दोन ठिकाणी फोन केले. दूरचं बी मिळालं असतं, पण ते पुढच्या मिरगाला. तोवर परतीचा पाऊस उघड्या भरावावर पडणार आणि माती सगळी चरात येणार, आम्हीच मोकळी करून ठेवलेली. शिवाय दूरचं बी म्हणजे ठमाबाईचं नव्हे. हे आत्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती दोन दिवस जेवली नाही असं नाही. जेवली. पण घासाला हात थांबायचा. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, "दिसतो कसा गं त्यो? पवना?"

मला काय सांगता येणार. मी म्हटलं, "बी तांबूस होतं, लांब कुसळाचं."

"बी न्हाय. उगवल्यावर."

"ते दीप्तीताईंना ठाऊक."

मग दीप्तीताई आल्या तशी आत्या त्यांच्या मागं लागली. "मला वळखायला शिकवा." दीप्तीताईंनी पुस्तक काढलं, चित्रं दाखवली. तुरे, दाणे, कुसळं. आत्यानं पानं उलटली. "ह्यो म्हातारा झाल्यावर. लहानपणी कसा दिसतो?"

दीप्तीताई म्हणाल्या, "खरं सांगू? तुरा आल्याशिवाय मलाही छातीठोक सांगता येत नाही. लहान रोपं सगळी सारखीच दिसतात."

आत्याला याचं फार नवल वाटलं. शिकलेल्या बाईला येत नाही अशी एक गोष्ट आहे, आणि ती गवताची आहे. दिवसभर ते तिच्या डोक्यात घोळत होतं. संध्याकाळी गोठ्यात तिनं मामांना सांगितलं, "मास्तरणीला बी वळखंना." मामा म्हणाले, "मग तू कोण लागून ग्येली?"

पण दुसऱ्या दिवसापासून तिचं काहीतरी सुरू झालं. सकाळी धार काढली की ती माळावर. मलाही बरोबर घ्यायची, का ते सांगायची नाही. वर जाऊन बसायची, डोळे मिटायची आणि समोरचं गवत उपटायची. एकेक. उपटून, बोटांनी मुळी चाचपून, मग डोळे उघडून बघायची.

"काय करताय?" मी विचारलं.

"थांब. हराळी," ती डोळे मिटूनच म्हणाली. उघडून बघितलं, हराळीच. "हराळी वढली की फुडं फुडं सरकत जाती. लव्हाळा टपकन तुटतो आन गाठ खाली ऱ्हाती. चिमणचारा येतो आपसूक, बोलावल्यागत." तिनं हात झाडले. "डोळ्याला सारखंच दिसतं. हाताला न्हाय दिसत."

मी तिच्याजवळ बसले. मला पहिल्यांदाच तिचं बोलणं ऐकावंसं वाटलं.

"त्या दोन दिसात एक निराळंच येत हुतं," ती म्हणाली. "आदी अडायचं. वाटायचं, येतंय का न्हाय. मग एकदम समदं सुटायचं, आन खाली मुळीचा झुबका, केसावाणी. साठ वर्सात मी तसलं गवत उपटलं न्हवतं. मला तवाच वाटलं हुतं, ह्ये कुठलं. दर बारीला वाटत हुतं, प्रगते." तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. "पर हात थांबला न्हाय."

मी म्हटलं, "मलाबी वाटलं होतं. मी दुसऱ्यांदा बोलले नाही."

"तुला बोलू कुठं दिलं म्या," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी शोधत सुटलो. आठवडाभर. बायांच्या पातींवर एखादं सुटलेलं ठोंब मिळतंय का. पण आत्यानं शिकवलेल्या बाया त्या. एक काडी सोडली नव्हती. खडकावरच्या ढिगात तिनं हात घालून बघितलं, सगळं मेलेलं. ती म्हणायची, "कसं काम केलंय बघ," आणि एरवी ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता तीच तिला चावायला उठायची. तिला चिंकाऱ्याच्या लेंड्या दिसल्या की तिथं बसायची, म्हणायची हरणाला ठाऊक असणार. एकदा दगडांच्या राशीमागं एक ठोंब दिसलं, ती पळत गेली. गुडघा दुखत असताना पळाली. ते कुसळी गवत निघालं.

मधे पाऊस भुरभुरायला लागला होता. मोठा नाही, अंगाला लागेल न लागेल एवढा. पण चार-पाच दिवस थांबला नाही.

पूर्वेच्या टोकाला आम्ही गेलो नव्हतो. मी तिला तिकडं नेत नव्हते. माझे ते ढीग पुन्हा तिच्या नजरेला पडायला नको होते. शुक्रवारी मी घागर भरायला खाली गेले आणि परत आले तर ती तिकडंच गेलेली. तिची हाक आली, "प्रगते, हिकडं ये."

मला वाटलं, झालं. आता बोलणी खायची.

ती चराच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून. चरात माझे ढीग. वरचं वाळून पिवळं पडलेलं, पण त्यातून, बाजूंनी, खालून, हिरवं वर आलं होतं. नुसतं जगलं नव्हतं, पाती फुटल्या होत्या. मुळ्यांनी चिखल धरला होता.

"ही पात कुणाची?" तिनं विचारलं.

"माझी."

"माती झटकली न्हाईस."

"न्हाई."

"मुळ्या वर केल्या न्हाईस."

"न्हाई. कंबर दुखत होती. आणि तुमचा राग आला होता."

ती पुढं वाकली, डोळे मिटले आणि ढिगातलं एक रोप धरून हलकेच ओढलं. तिचा हात मधे थांबला. ओठ हलले. मग रोप सुटलं, खाली केसासारखा झुबका, मातीनं भरलेला.

"अडलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं मातीच्याच हातानं पुसलं.

पण तिच्या हाताला कळलं म्हणून भागत नव्हतं. पवना आयुष्यभर बघितलेलं माणूस एकच होतं. मी ते रोप पदरात घेऊन ठमाबाईच्या दारात गेले. आत्या मागं, उंबऱ्याबाहेर. ठमाबाईनं रोप घेतलं, पान फाकवलं, बुडखा उजेडात धरला. मग माझ्याशी बोलली. "किती हाईत?"

"ढीगच्या ढीग."

"मग बसून काय ऱ्हायलाय? पाऊस हाय तवर लावा म्हनावं. तिला सांग, कांद्याच्या रोपागत लावायचं, पर कांद्याइतकं दाट न्हाय."

आत्या दोन हातांवर उभी होती. मी तिच्याकडं वळून म्हटलं, "कांद्यासारखं, पण विरळ."

"तिला ईचार, किती खोल," आत्या म्हणाली.

"तिला सांग, दोन बोटं," ठमाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा जणी माळावर. कुणाला बोलवायला लागलं नाही. ढीग फोडून पाट्या भरल्या. रोपांची लागण आमच्या बायांना शिकवायची म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. एका हातानं खुरप्यानं भोक, दुसऱ्या हातानं रोप, अंगठ्यानं दाब. फरक एवढाच की ज्या भरावावर पंधरा दिवसांपूर्वी पुढं पुढं सरकत उपटलं होतं, त्याच भरावावर आता मागं मागं सरकत लावत होतो. रोपांत दुसरीही गवतं मिसळलेली. ती निवडायची पाळी आली की सगळ्या जणी आत्याकडं रोप नेऊन द्यायच्या. ती डोळे मिटायची, बोटं मुळीतून फिरवायची. "हा. ह्यो बी हा. ही हराळी, टाक." टाक म्हणाली तरी तिचाच हात ती मातीसकट ठेवायचा आणि मग तीच स्वतःवर चिडायची.

ठमाबाई वरच्या दगडावर बसून होती. दिवसभर तिचं चालू. "प्रगती, तिला सांग, वाकडं लावलंय." "प्रगती, तिला सांग, घसा वाळला आसंल तर पाणी पी म्हनावं." मी दोघींच्या मधे टपालवाल्यासारखी. आत्या तीन हातांवर होती. सगळं नीट ऐकू जात होतं.

दोन दिवसांनी पाऊस थांबला. तेव्हा आबासाहेबांनी स्वतःचा ट्रॅक्टर आणि टँकर माळाच्या पायथ्याला लावला आणि मामांच्या बरोबरीनं कॅन वर वाहिले. पांढरी विजार गुडघ्यापर्यंत लाल झाली.  सतरांपैकी सहा भराव झाले. तेवढीच रोपं होती. एका आळशी बाईच्या एका पातीत किती निघणार.

पाहुणे आले तेव्हा आमचं शेवटच्या भरावाचं काम चाललेलं. चार गावची माणसं, बूट-चपला हातात घेऊन चिखलातून वर आली. एकानं चरातले ते उरलेले ढीग बघून विचारलं, हे काय? आबासाहेब घसा खाकरून म्हणाले, "ही आमची रोपवाटिका. कुंडलिकरावांच्या सूनबाईंची कल्पना. बावड्याच्या हाईत. त्यांनी पयल्यांदाच वळखलं हुतं का ह्ये पवना हाय, म्हनून रोपं मातीसकट राखून ठिवली."

सगळे माझ्याकडं वळले. माझ्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. मी तोंड उघडलं, खरं सांगायलाच उघडलं होतं. त्या पाहुण्यांतल्या एका बाईनं आत्याला विचारलं, "व्हय का हो?"

आत्या उठून उभी राहिली. हातातलं खुरपं पदराला पुसलं. अकरा जणी तिच्याकडं बघत होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं की माझ्या ढिगांवरून ती मला सगळ्यांदेखत काय काय बोलली होती.

"व्हय," ती म्हणाली. "तिनं ईचारलं हुतं. म्याच ऐकलं न्हाय."

आणि परत बसून लावायला लागली. वाक्य खरंच होतं. त्यात जे नव्हतं ते तिनं झाकलं.

यंदाच्या कार्तिकात त्या सहा भरावांवर पवन्याला तुरे आले. चर बुजले होते ते वरचे अकरा, खालच्या सहांत माती आली ती बोटभर. वर जाऊन मामा काठीनं खोली मोजतात आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. दीप्तीताईंनी पुस्तकात बघून खात्री केली की हा पवनाच. आत्या म्हणाली, "आता बघतीया व्हय?"

बी खुडायला आम्ही तिघीच गेलो. आत्या, ठमाबाई आणि मी. ठमाबाईनं तीच उशीची खोळ आणली होती, धुऊन. ऊन कोवळं होतं. मी खालच्या भरावावर होते, त्या दोघी वर, एकीची पाठ दुसरीला लागेल इतक्या जवळ. बोलणं नाही. वर्षभरात तिसऱ्या माणसाशिवाय त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

आत्याचा हात गेला आणि सवयीनं सगळं ठोंबच धरून ओढलं. अडलं. ते सुटायच्या आत ठमाबाईनं तिच्या मनगटावर चापट मारली.

"वरनं खूड, परागे. वरनं."

आत्यानं हात सोडला. वरचा तुरा तेवढा खुडून खोळीत टाकला. मी माझ्या हातातल्या तुऱ्याकडं बघत राहिले.

मग ठमाबाई हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग मला. तुझ्या सुनंला ठावं हुतं?"

"कुठलं ठावं," आत्या म्हणाली. "आळशी हाय. पयल्यापासनं."

म्हातारी हसली. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग आत्याही हसायला लागली आणि दोघींना थांबवेना. खोळ कलंडली, थोडं बी खाली सांडलं, ते तसंच सांडू दिलं.

मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढच्या ठोंबाकडं सरकले. मागून आत्याची हाक आली. "प्रगते, सावकाश खूड. घाई न्हाय." एवढ्या वर्षांत ती मला असं पहिल्यांदाच म्हणाली. मी आणखीनच सावकाश खुडायला लागले.